सोनेरी जंतु आणि शुश्रूषेचे हात

आजाऱ्याच्या उशाशीं औषधाची बाटली असते आणि शुश्रूषा करणाऱ्या माणसाचे हात असतात. वैद्यकाच्या इतिहासानें बाटलीचें कौतुक भरपूर केलें आहे. ज्यांनीं औषधें शोधून काढलीं त्यांचे पुतळे उभे राहिले, त्यांना पारितोषिकें मिळालीं, त्यांचीं चरित्रें मुलांच्या क्रमिक पुस्तकांत गेलीं. हातांची कथा मात्र कोणीं फारशी लिहिली नाहीं. परंतु एका सूक्ष्म जंतूनें गेल्या ऐंशी वर्षांत अशी परिस्थिति उत्पन्न केली आहे कीं, एकामागून एक बाटल्या निष्प्रभ ठरल्या आणि वैद्यकशास्त्राला पुनः त्या हातांकडेच वळावें लागलें. तो जंतु म्हणजे स्टॅफिलोकॉकस. त्याच्याशीं परिचारिकांनीं दिलेल्या झुंजीचा इतिहास प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें जाणून घ्यावा असा आहे. कारण ही झुंज आज ना उद्यां कोणत्याहि घरच्या माणसाच्या खाटेपाशीं येऊन ठेपते.

कथेचा आरंभ व्हिएन्ना शहरांत होतो. तेथील मोठ्या सरकारी रुग्णालयांत बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यांत वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी शिकत. १८४६ सालीं पहिल्या विभागांत शेंकडा ११ हून अधिक बाळंतिणी सूतिकाज्वरानें दगावल्या. दुसऱ्यांत हेंच प्रमाण शेंकडा ३ हूनहि कमी होतें. इमारत तीच, हवा तीच, अन्न तेंच. मग हा फरक कां? इग्नाझ सेमेलवाइस नांवाच्या तरुण डॉक्टराला ह्या प्रश्नानें झोंप येऊं दिली नाहीं. १८४७ सालीं त्याचा एक स्नेही, प्राध्यापक कोलेच्का, शवविच्छेदन करतांना सुरीची जखम होऊन मरण पावला, आणि त्याच्या शरीरांत बाळंतिणींच्या प्रेतांतल्यासारखींच लक्षणें आढळलीं. सेमेलवाइसला उलगडा झाला. विद्यार्थी शवागारांतून सरळ बाळंतिणींकडे येत आणि मृत्यु स्वतःच्या हातांवरून वाहून आणीत. सुइणी शवागारांत जात नसत. त्यानें क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याची सक्ती केली. एप्रिल महिन्यांत शेंकडा १८ वर गेलेलें मृत्यूचें प्रमाण जून महिन्यांत शेंकडा २ च्या आसपास आलें.

इतका उघड पुरावा पुढें असतां त्याचे व्यवसायबंधु त्याला शरण गेले असतील, असें वाटणें साहजिक आहे. तसें झालें नाहीं. स्वतःच्या हातांनीं आपण माणसें मारलीं हें कबूल करणें प्रतिष्ठित मनुष्याला फार जड जातें. सेमेलवाइसचा उपहास झाला, त्याची जागा गेली, आणि १८६५ सालीं वेड्यांच्या इस्पितळांत, जखमेचें विष अंगांत पसरून, वयाच्या ४७ व्या वर्षीं तो मरण पावला. त्याच्या बाळंतिणींचा मुख्य वैरी स्टॅफिलोकॉकसचा भाऊबंद, स्ट्रेप्टोकॉकस, होता. पण त्यानें दाखविलेली वाट दोघांनाहि सारखीच लागू होती.

त्याच सुमारास फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाई ३८ परिचारिकांसह नोव्हेंबर १८५४ मध्यें तुर्कस्तानांतील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयांत दाखल झाल्या. जंतूंची कल्पना त्यांना नव्हती. दूषित हवेनें रोग होतो, अशी त्या काळच्या बहुतेकांप्रमाणें त्यांचीहि समजूत होती. परंतु घासलेली जमीन, स्वच्छ चादरी, मोकळी हवा आणि वारंवार धुतलेले हात ह्यांवर त्यांचा कटाक्ष होता. १८५९ सालीं प्रसिद्ध झालेल्या शुश्रूषेवरील पुस्तकांत त्यांनीं परिचारिकेनें दिवसांतून अनेकदां हात धुवावेत, असें बजावून ठेवलें. पुढच्याच वर्षीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत त्यांच्या नांवाची परिचारिकांची शाळा निघाली. उपपत्ति चुकीची असली तरी आचरण बरोबर असूं शकतें, ह्याचें ह्याहून चांगलें उदाहरण क्वचितच मिळेल.

खरा शत्रु दृष्टीस पडला तो १८८० सालीं. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचे शस्त्रवैद्य अलेक्झांडर ऑग्स्टन ह्यांनीं गळवांतील पू सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवला तेव्हां त्यांना लहान लहान गोल कणांचे झुपके दिसले. द्राक्षांच्या घोंसासारखे ते दिसत, म्हणून १८८२ सालीं त्यांनीं ग्रीक भाषेंतून त्याला स्टॅफिलोकॉकस हें नांव दिलें. १८८४ सालीं जर्मनींतील रोझेनबाख ह्यांनीं त्यांतील सोनेरी रंगाची जात निराळी काढून तिला ऑरियस, म्हणजे सोनेरी, असें म्हटलें. नांव सुंदर, करणी मात्र भयंकर. गळूं, करट, हाडांतील पू, फुप्फुसाचा दाह, रक्तांत पसरणारें विष, हे सर्व त्याचे प्रताप. आणि विशेष हें कीं, हा जंतु परका नाहीं. दर दहा निरोगी माणसांपैकीं सुमारें तिघांच्या नाकांत तो सुखानें नांदत असतो आणि त्यांना कांहींहि अपाय करीत नाहीं. त्वचेला छेद गेला, शस्त्रक्रिया झाली, शिरेंत नळी बसली, किंवा शरीर दुबळें झालें, कीं हा शेजारी दरोडेखोर बनतो.

१९२८ च्या सप्टेंबरांत लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयांत अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांच्या बशींत ह्याच जंतूची पैदास केलेली होती आणि तिच्यावर पडलेल्या बुरशीभोंवतालचे जंतु विरून गेलेले त्यांना दिसले. पेनिसिलिनच्या शोधाची ही गोष्ट सर्वश्रुत आहे. ऑक्सफर्ड येथें फ्लोरी, चेन आणि हीटली ह्यांनीं तें औषध शुद्ध करून १२ फेब्रुवारी १९४१ रोजीं अल्बर्ट अलेक्झांडर नांवाच्या एका पोलीस शिपायाला टोंचलें. त्याच्या चेहऱ्यावर व डोक्यावर पू झाला होता. एक डोळा गेला होता. चार-पांच दिवसांत त्याचा ताप उतरला, तो जेवूं लागला. पण औषध इतकें थोडें होतें कीं, त्याच्या मूत्रांतून तें परत गाळून काढून पुनः त्यालाच द्यावें लागलें. शेवटीं तें संपलें, रोग उलटला, आणि १५ मार्च रोजीं त्याचा अंत झाला. औषध नव्हतें म्हणून हा मनुष्य गेला. पुढच्या पिढ्यांच्या वांट्याला निराळें दुःख येणार होतें: औषध कपाटांत भरपूर असून रोगी हातचा जाऊं लागला.

ह्याची चाहूल फार लवकर लागली होती. १९४० च्या डिसेंबरांतच चेन आणि अब्राहम ह्यांनीं पेनिसिलिनचा नाश करणारें द्रव्य कांहीं जंतूंत असतें, असें प्रसिद्ध केलें. १९४५ सालीं नोबेल पारितोषिक स्वीकारतांना फ्लेमिंग ह्यांनीं इशारा दिला कीं, औषध अपुऱ्या मात्रेंत घेतलें तर जंतु मरण्याऐवजीं शहाणे होतील. त्या इशाऱ्याचा प्रत्यय लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयांत मेरी बार्बर ह्या विदुषीला आला. तेथील रुग्णांच्या स्टॅफिलोकॉकसपैकीं पेनिसिलिनला दाद न देणारे १९४६ सालीं शेंकडा १४ होते. १९४७ सालीं ते शेंकडा ३८ झाले आणि १९४८ सालीं शेंकडा ५९. तीन वर्षांत पारडें फिरलें.

बार्बर बाईंनीं ह्यांतून जो निष्कर्ष काढला तो ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. प्रत्येक रुग्णाच्या शरीरांत जंतु नव्यानें शिकून तयार होत होता, असें नव्हे. औषधानें भोळे जंतु मरत, मोकळ्या झालेल्या जागेंत हट्टी जंतु फोफावत, आणि तेच एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जात. आतां जंतूला पाय नाहींत. तो जातो तो दुसऱ्याच्या हातांवरून, चादरींतून, धुळींतून. म्हणजे दोष केवळ औषधाचा नव्हता. औषधाच्या भरंवशावर रुग्णालयांची शिस्त सैल झाली होती, हाहि त्याचा एक भाग होता. पेनिसिलिन आहेच, मग हात धुण्याचा एवढा सोवळेपणा कशाला, असें जेथें वाटूं लागलें तेथें जंतूचें फावलें.

औषधांची ओढ तर सर्व जगाला लागली होती, आणि तिचें कारणहि रास्त होतें. महाराष्ट्रांतहि पुण्याजवळ पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ह्या सरकारी कारखान्याची स्थापना झाली आणि जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांच्या साहाय्यानें पुढच्या वर्षीं तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. ज्या देशांत हें औषध परदेशांतून आणावें लागे, तेथें ही गोष्ट वरदानासारखी होती. परंतु वरदानाचा वापर जपून न केल्यास त्याचें काय होतें, हें भस्मासुराच्या कथेनें भारतीय मनाला फार पूर्वीं सांगून ठेवलें आहे.

१९५० नंतर ऑस्ट्रेलियांत नवजात अर्भकांवर संकट कोसळलें. सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालयांतील फिलिस रौंट्री ह्यांनीं त्यास कारण होणारी स्टॅफिलोकॉकसची एक विशिष्ट जात ओळखून काढली. तिला ८० क्रमांक मिळाला आणि पुढें ८०/८१ ह्या नांवानें ती जगभर कुप्रसिद्ध झाली. त्या काळीं पाश्चात्य रुग्णालयांत अर्भकें आईपासून दूर, एका दालनांत ओळीनें ठेवीत. एकच परिचारिका एकामागून एक सर्वांना न्हाऊं घाली, दुपटीं बदली, दूध पाजी. ज्या हातांनीं ती माया करी, त्याच हातांवरून जंतु पाळण्यापाळण्यांतून फिरे. बाळाच्या अंगावर फोड येत. तें घरीं गेलें कीं आईच्या स्तनांत गळूं होई आणि मग घरांतल्या इतरांना लागण होई. पुढें अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरांत मॉर्टिमर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रयोगपूर्वक दाखविलें कीं, अर्भकांमध्यें हा जंतु पसरविण्यांत हवेपेक्षां न धुतलेल्या हातांचा वांटा फार मोठा आहे.

ह्या शोधाचा दोष परिचारिकांच्या माथीं मारणें सोपें होतें, आणि तसें मारणारेहि निघाले असतील. परंतु एका बाईच्या हवालीं पुष्कळ अर्भकें करावयाचीं, हात धुण्याचें पात्र दालनाच्या दुसऱ्या टोंकाला ठेवावयाचें, आणि मग तिनें प्रत्येक वेळीं हात कां धुतले नाहींत असें विचारावयाचें, ह्यांत न्याय नाहीं. सुजाण लोकांनीं हें ओळखलें. इंग्लंडांत टॉर्की येथील टॉरबे रुग्णालयांत डॉक्टर ब्रेंडन मूर ह्यांच्या पुढाकारानें १९५९ सालीं एक नवीन जागा निर्माण झाली: संसर्ग-नियंत्रणाची परिचारिका. पूर्वीं शस्त्रक्रियागृहाची व्यवस्था पाहणाऱ्या मिस कॉट्रेल ह्यांची त्या जागीं नेमणूक झाली. त्यांनीं रुग्णकक्षांतून फिरावें, कोणाच्या जखमेंत पू झाला, कोणत्या परिचारिकेला गळूं आलें, ह्याची नोंद ठेवावी, प्रयोगशाळा आणि रुग्णकक्ष ह्यांच्यामधला दुवा व्हावें, आणि संशयित रुग्णाला वेळीच निराळें ठेवण्याची व्यवस्था करावी, असें त्यांचें काम होतें. प्रारंभीं अनोळखी वाटलेली ही जागा आज जगांतील बहुतेक मोठ्या रुग्णालयांत असते. औषधाच्या इतिहासांत जें स्थान पेनिसिलिनला, तेंच शुश्रूषेच्या इतिहासांत ह्या नेमणुकीला द्यावयास हरकत नाहीं.

इतक्यांत नवें औषध आलें: मेथिसिलिन. त्याचें महत्त्व कळण्यास जंतूची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. जंतूभोंवतीं एक तट असतो व तो बांधणारे गवंडी त्याच्या अंगांत सतत काम करीत असतात. पेनिसिलिन ह्या गवंड्यांचे हात बांधून टाकतें; तट अपुरा राहतो आणि जंतु फुटून मरतो. हट्टी जंतूनें हें बंधन तोडणारी कात्री कमावली होती. मेथिसिलिन म्हणजे त्या कात्रीनें न तुटणारी दोरी. पण लंडनच्या कोलिंडेल येथील प्रयोगशाळेंत पॅट्रिशिया जेव्हन्स ह्यांनीं पांच हजारांहून अधिक नमुने तपासले, तेव्हां त्यांत तीन नमुने ह्या नव्या औषधालाहि न जुमानणारे आढळले. तिन्ही एकाच रुग्णालयांतील होते, आणि त्यांपैकीं एक परिचारिकेचा होता. ही वार्ता १९६१ च्या जानेवारींत प्रसिद्ध झाली. औषध वापरांत येऊन पुरतीं दोन वर्षेंहि झालीं नव्हतीं. ह्या जंतूनें दोरी तोडण्याचा नाद सोडून, जिच्या पकडींत सांपडणार नाहीं असा दुसराच गवंडी कामावर ठेवला होता. मेथिसिलिन आज प्रचारांतून गेलें आहे. परंतु त्याला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसला त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून एमआरएसए हें जें नांव पडलें, तें कायम राहिलें.

अशा रुग्णाची शुश्रूषा कशी करतात, हें पाहण्यासारखें आहे. त्याला शक्यतों स्वतंत्र खोली देतात व दारावर सूचना लावतात. परिचारिका आंत जातांना हात स्वच्छ करते, अंगावर झगा किंवा आवरण घालते, हातमोजे चढविते. बाहेर पडतांना हीं आवरणें तेथेंच टाकून पुनः हात धुते. कारण हातमोजा घातला म्हणजे हात शुद्ध राहिला, असा समज घातक आहे. तापमापक, रक्तदाब पाहण्याचा पट्टा, भांडीं, हीं त्या रुग्णापुरतीं निराळीं असतात. जखमेची पट्टी बदलण्यापूर्वीं लागणारें सर्व साहित्य ती जवळ मांडून घेते, म्हणजे काम अर्धवट टाकून उठावें लागत नाहीं. जुनी पट्टी तत्काळ पिशवींत बंद होते. चादर झटकावयाची नसते, कारण झटकली कीं त्वचेचे कण जंतूंसह हवेंत उडतात; ती हलक्या हातानें गुंडाळून खाटेपाशींच पिशवींत घालतात. खाटेचे दांडे, दाराची मूठ, मेज हीं रोज पुसतात. कारण कोरड्या पृष्ठभागावरहि हा जंतु दिवसेंदिवस, प्रसंगीं आठवडेच्या आठवडे, तग धरतो. नाकांतील जंतु घालविण्यासाठीं मलम लावतात, जंतुनाशक द्रवानें अंग धुतात. व्हॅनकोमायसिन हें १९५८ पासूनचें औषध बहुधा शिरेंतून द्यावें लागतें. तें सावकाश न दिल्यास अंग लाल होऊन खाज सुटते, आणि मूत्रपिंडावर त्याचा भार पडतो. म्हणून थेंबांवर आणि मूत्राच्या मापावर लक्ष ठेवणें हेंहि परिचारिकेचेंच काम. ह्याहि औषधाला पूर्णपणें न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस २००२ सालीं अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत प्रथम सांपडला.

परंतु ह्या सर्व खबरदारीला एक दुसरी बाजू आहे. निराळ्या खोलींतला रुग्ण एकटा पडतो. आंत जाण्यापूर्वीं एवढा वेष चढवावा लागतो म्हणून डॉक्टर कमी वेळां येतात, नातेवाईक उंबऱ्याशींच थबकतात, आणि जो येतो त्याचें तोंडहि पुरतें दिसत नाहीं. आपल्याला वाळींत टाकलें आहे, आपल्या हातून कांहीं पाप घडलें आहे, असें त्या जिवाला वाटूं लागतें. तेव्हां ही दूर ठेवण्याची व्यवस्था जंतूसाठीं आहे, माणसासाठीं नाहीं, हें त्याला वारंवार आणि शांतपणें सांगणें, त्याच्यापाशीं दोन घटका बसणें, त्याचा हात हातांत घेणें, हा शुश्रूषेचा गाभा होय. नातेवाइकांनींहि भिऊन दूर पळण्याचें कारण नाहीं. धडधाकट माणसानें जखमेवरचें झांकण जपलें आणि जातां-येतां हात नीट धुतले, तर भेटीनें त्याचें सहसा कांहीं बिघडत नाहीं. रुग्णाचें मात्र त्या भेटीवांचून फार बिघडतें.

ह्या मार्गानें यश येतें काय? ह्याचें उत्तर आंकड्यांनींच दिलें आहे. स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा येथील विद्यापीठ-रुग्णालयांत दिदिए पितै ह्यांनीं खाटेपाशींच हात चोळण्याचें मद्यार्कयुक्त औषध ठेवण्याची रीत पाडली. १९९४ सालीं हात स्वच्छ करण्याच्या प्रसंगांपैकीं शेंकडा ४८ प्रसंगींच ते स्वच्छ केले जात. १९९७ सालीं हें प्रमाण शेंकडा ६६ झालें. त्याच सुमारास रुग्णालयांत लागणारा संसर्ग शेंकडा १६.९ वरून शेंकडा ९.९ वर उतरला आणि एमआरएसएचा फैलाव निम्म्याहून कमी झाला. इंग्लंडांत २००३-०४ सालीं रक्तांत हा जंतु शिरलेले सुमारें ७,७०० रुग्ण नोंदले गेले होते. हातांची स्वच्छता, नळ्या बसविण्याची शिस्त, आणि दाखल होणाऱ्यांची तपासणी ह्यांवर देशव्यापी जोर दिल्यावर २००८-०९ सालीं ही संख्या ३,००० च्या खालीं आली. ह्या काळांत कोणतेंहि चमत्कारी औषध निघालें नव्हतें.

भारतांत हा प्रश्न लहान नाहीं. देशांतील १५ मोठ्या रुग्णालयांच्या पाहणींत २००८ सालीं तपासलेल्या सोनेरी स्टॅफिलोकॉकसपैकीं शेंकडा ४२ आणि २००९ सालीं शेंकडा ४० मेथिसिलिनला न जुमानणारे आढळले. वैद्याच्या सल्ल्यावांचून औषधांच्या दुकानांतून गोळ्या घेणें, दोन दिवसांत बरें वाटतांच त्या सोडून देणें, उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देणें, ह्या घराघरांतल्या संवयी त्या आंकड्यांमागें उभ्या आहेत. आणि रुग्णालयांत एका परिचारिकेच्या माथीं किती खाटा टाकावयाच्या, हाहि प्रश्न त्यांच्यामागें उभा आहे. जिला श्वास घेण्यास फुरसत नाहीं तिनें प्रत्येक रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वीं व नंतर वीस-तीस सेकंद हात चोळावेत, ही अपेक्षा तिला तेवढा वेळ दिल्याशिवाय पुरी होणार नाहीं.

सेमेलवाइसपासून आजपर्यंतच्या ह्या पावणेदोनशें वर्षांकडे पाहिलें म्हणजे एक गोष्ट स्पष्ट दिसते. जंतूनें पेनिसिलिनवर मात केली, मेथिसिलिनवर केली, व्हॅनकोमायसिनशींहि तो झगडत आहे. धुतलेल्या हातावर मात करण्याची युक्ति मात्र त्याला अद्याप सांपडलेली नाहीं. ह्याचा अर्थ औषधें व्यर्थ आहेत असा नव्हे. त्यांच्यावांचून ऑक्सफर्डच्या त्या शिपायासारखे अगणित लोक गेले असते. अर्थ इतकाच कीं, औषधाची धार टिकवून धरण्याचें काम शुश्रूषा करीत असते. तें काम रात्रीं-अपरात्रीं, कोणी पाहत नसतां, एका खाटेपासून दुसऱ्या खाटेकडे जातांना क्षणभर थांबून हात धुणारी परिचारिका करते. ज्या रुग्णाला त्यामुळें रोग जडला नाहीं, त्याला आपण वांचलों हें कधीं कळतहि नाहीं, आणि म्हणून तिचे आभारहि कोणी मानीत नाहीं. इतिहासानें तरी तिची नोंद घ्यावी.